वडिलांना लिव्हर सिरोसिस, काकांना काहीच नाही: हे आनुवंशिक असते का?

प्रश्न
माझे वडील गेल्या वर्षी, वयाच्या ५६व्या वर्षी, दारूमुळे झालेल्या सिरोसिसने (यकृतात व्रण साचून ते कडक व निकामी होण्याच्या आजाराने) गेले. माझे मोठे काका त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिकच पीत आले आहेत, तरी सत्तरीतही त्यांची सोनोग्राफी चांगली आहे. घरात ‘नशीब’ म्हणून विषय संपवतात. माझे त्याने समाधान होत नाही. मीही महिन्यातून दोनतीनदा घेतो. जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

उत्तर १
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते, पण सिरोसिस त्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच होतो. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. सर्वांत ठळक जनुक म्हणजे २२व्या गुणसूत्रावरील पीएनपीएलए३. त्याच्या एका प्रकारात प्रथिनातील १४८व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन येते. असे प्रथिन चरबीच्या थेंबांवर साचून राहते आणि चरबी मोकळी होण्यास अडथळा करते. २००८ मध्ये त्याचा यकृतातील चरबीशी आणि २०१० मध्ये मद्यजन्य यकृतविकाराशी संबंध दिसला. जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते; दोन्ही प्रती या प्रकारच्या असलेल्या मद्यपींमध्ये सिरोसिसचा धोका सुमारे तिप्पट असतो.

सख्ख्या भावांत फरक कसा, याचेही उत्तर यात असू शकते: आजी-आजोबांकडे प्रत्येकी एक प्रत असेल, तर एका मुलाकडे दोन्ही आणि दुसऱ्याकडे एकही न येणे शक्य आहे. तुमच्याकडे काय आले, हे तुमच्या आईवरही तितकेच अवलंबून आहे.

उत्तर २
चाचणीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवाल काहीही आला तरी सल्ला बदलणार नाही, आणि ‘दोष नाही’ असे वाचून कोणी निर्धास्तपणे पिऊ लागला तर तो अहवालच घातक ठरेल. जोखमीत वजन, मधुमेह, हिपॅटायटिस बी आणि सी यांचाही वाटा असतो. ते आधी तपासावेत. वडिलांचा इतिहास पाहता मी तुमच्या जागी असतो तर दारू पूर्ण सोडली असती. काकांबद्दल एक सांगतो: सोनोग्राफी चांगली असली तरी यकृतात तंतुमयता (व्रणासारखे कडक धागे) नसेलच असे नाही, त्यासाठी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी चाचणी, करावा लागतो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आईकडील बाजूचा विचार मी कधी केलाच नव्हता. येत्या आठवड्यात काकांना फायब्रोस्कॅनसाठी नेतो आणि माझाही करून घेतो.