मदत हवी आहे: गेममध्ये चार वर्षं, आता पहिल्यांदाच खरी ऑटोक्रॉस

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. घरी लॉजिटेकचं स्टिअरिंग लावून चार वर्षं असेटो कोर्सा हा रेसिंगचा गेम खेळतोय. पुढच्या महिन्यात पुण्याकडं हौशी ऑटोक्रॉसला नाव दिलंय, वडिलांची जुनी स्विफ्ट घेऊन. एका वेळी एकच गाडी सोडतात, शंकूंमधून वाट काढायची, शंकू पाडला की वेळेत सेकंद वाढतात.

रविवारी औशाजवळ मामाच्या मोकळ्या रानात बादल्या मांडून सराव केला. पहिल्याच वळणावर इतका उशिरा ब्रेक मारला की स्टिअरिंग पूर्ण वळवूनही गाडी सरळच घसरत गेली आणि बादली चाकाखाली. मामी अजून बोलायली.

गेममध्ये सगळं डोळ्याला अन् हाताला कळतं. खऱ्या गाडीची पकड सुटायली हे आधी कमरेला कळतं म्हणतात. माझी कंबर चार वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीत. जॅन मार्डनबरो हा गेमर 2011 ला ग्रान तुरिस्मो या गेमच्या जीटी अकॅडमीतून, म्हणजे गेम खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडायच्या स्पर्धेतून, निवडला गेला अन् 2013 ला फ्रान्समधल्या ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत धावला, पण त्याला रीतसर शिकवलं होतं. मला मामाचं रान.

कुणी उतरलं असेल तर सांगा: सुट्ट्या मातीवर टायरची हवा किती ठेवायची? अरुंद वळणाला हँडब्रेक ओढू का नको? बाईकचं हेल्मेट चालतं का? संभाजीनगर-नांदेडकडं कुणी सोबत सराव करणारं असेल तर मी येतो, डिझेल माझं.

क्लचचा वास यायला लागलाय, तेवढं वडिलांना अजून सांगितलेलं नाही.