मदत हवी आहे: चढावर इंजिन टकटक करतंय, ९५ चं पेट्रोल भरू की बाटली ओतू?

चौथा_गिअर
चौथ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टकटक सुरू होते. पिकअपही पडलाय. ९५ ऑक्टेन भरू की इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतू? की दोन्ही? दोन दिवसांत लांबच्या प्रवासाला निघायचंय, लवकर सांगा.

निळी_ज्योत
सरळ ९५ भरा, सोबत ऑक्टेन बूस्टर. टकटक थांबेल आणि ताकदही वाढेल.

स्पॅनर_१४
थांबा. गाडी किती चाललीय? टर्बो आहे का? इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) की थेट सिलिंडरमध्ये? मॅन्युअलमध्ये किमान ऑक्टेन किती दिलाय? आणि टकटक फक्त ताण आल्यावर येते की आयडलवरही? आयडलवर येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघा, तिथे कुठलंच पेट्रोल लागू पडणार नाही.

चौथा_गिअर
साधी १.२ लिटर, टर्बो नाही, एमपीआय, म्हणजे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये. ९२ हजार किमी. फक्त ताण आल्यावर. मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलंय आणि मी पहिल्यापासून ९१ भरतो, म्हणजे गरजेपेक्षा चांगलंच भरतोय की.

बोअर_स्ट्रोक
नाही, तिथेच घोळ आहे. ८७ हा बहुतेक एकेआय आकडा असणार, म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी. पंपावरचा ९१ आरओएन असेल तर दोन्ही जवळपास एकच. मॅन्युअलमध्ये आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही गाडीला हवं तेच पेट्रोल भरताय, वरचं नाही.

आणि निळी_ज्योत, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप. ज्या इंजिनाचं काँप्रेशन आणि टायमिंग ९५ साठी बेतलंय, ते ९१ वर नॉक सेन्सरच्या (टकटक ओळखणाऱ्या सेन्सरच्या) सांगण्यावरून ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि ताकद गमावतं. ९१ साठी बेतलेल्या इंजिनाला ९५ देऊन हाती फारसं काही लागत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून चाचण्या घेतल्या होत्या. ताकद, मायलेज, धूर, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

निळी_ज्योत
मग ९५ भरल्यावर कितीतरी जणांची टकटक थांबते ती कशी?

बोअर_स्ट्रोक
थांबतेच, मी नाही म्हणत नाही. पण जी गाडी इतकी वर्षं ९१ वर शांत चालली ती आता टकटकते, म्हणजे आत काहीतरी बदललंय. ज्वलनकक्षात कार्बन साचून काँप्रेशन वाढलं असेल, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं असेल, इंजिन जास्त तापत असेल किंवा चुकीच्या हीट रेंजचे (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचे) प्लग बसले असतील. ९५ ने आवाज दबेल, कारण तिथेच राहील. बूस्टरच्या बाटलीवर ‘१० पॉइंट’ असतं, ते बऱ्याचदा १०.० नसून १.० ऑक्टेन असतं. त्यात एमएमटी (मँगनीजचं संयुग) असेल तर प्लगवर लालसर थर बसतो तो वेगळाच.

धूर_काळा
सीटेन इम्प्रूव्हर टाकून बघा. थंड इंजिन लवकर सुरू होतं, खडखड कमी होते.

स्पॅनर_१४
ते डिझेलचं, ही पेट्रोल गाडी आहे. सीटेन म्हणजे पेटण्याची तयारी, इथे नेमकं उलट हवंय.

चौथा_गिअर, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) तीनदा टिपा: आयडलला, २५०० आरपीएमला आणि चढावर. चढावर आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे.

हिरवी_टाकी
पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विचार कोणीच का करत नाही?

बोअर_स्ट्रोक
इथेनॉल ऑक्टेन वाढवतं, त्याने टकटक वाढायचं कारण नाही. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज घटतं. तो वेगळा धागा होईल.

चौथा_गिअर
आयडल +३, २५०० ला +८, चढावर +१७. मॅन्युअलमध्ये ८७ पुढे खरंच एकेआय आहे. आता बाटली ओतू का?

स्पॅनर_१४
अजून नको. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढल्यावर कमी असतं तर व्हॅक्यूम लीक म्हटलं असतं. तुमचं ताणाबरोबर वाढतंय, म्हणजे मागणी वाढली की पेट्रोल पुरत नाही किंवा हवा कमी मोजली जातेय. लीन मिश्रण, त्यातून टकटक, त्यातून पडलेला पिकअप. एमएएफ सेन्सर (हवेचा प्रवाह मोजणारा) असेल तर त्याच्याच क्लीनरने फवारून सुकू द्या, तारेला बोट लावू नका. एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर हे सोडा. मग फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावून दाब मोजा.

निळी_ज्योत
इंजेक्टर चोक असले तरी हेच आकडे येतील. मग बाटली चुकीची कशी?

स्पॅनर_१४
येतील, मान्य. दाब बरोबर निघाला तर पुढची पायरी तीच. पीईए (कार्बन साफ करणारं रसायन) असलेलाच क्लीनर घ्या, लेबलवर दिलेलं प्रमाण दुप्पट करू नका, आधी बाटली आणि वरून टाकी फुल. ती टाकी संपल्यावर ऑइल बदला, कारण धुतलेली घाण थोडी ऑइलमध्ये उतरते. एमपीआयमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातं म्हणून तेही साफ होतात. थेट इंजेक्शनमध्ये ते व्हॉल्व्हला लागतच नाही, तिथे टाकीत काहीही ओतलं तरी व्हॉल्व्हवरचा कार्बन हलत नाही.

चौथा_गिअर
एमएपी आहे. दाब आयडलला ३.५ बार, चढावर २.६. मॅन्युअलप्रमाणे कायम ३.५ हवा. फिल्टर टाकीतच पंपासोबत आहे.

स्पॅनर_१४
मग बाटली राहू द्या. फिल्टर चोक किंवा पंप थकलेला. टाकी पाव भरलेली असतानाच काम काढा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. टाकीतल्या पंपावरच्या लॉक रिंगखालची रबर रिंग नवीच घ्या, जुनी फुगलेली असते, परत बसली तरी पेट्रोलचा वास येत राहतो. प्रवास पुढे ढकलता येत नसेल तर तेवढ्यापुरतं ९५ भरा आणि चढावर चौथ्याऐवजी तिसरा टाका.

निळी_ज्योत
म्हणजे ९५ भरायचंच आहे!

स्पॅनर_१४
एक टाकी, फिल्टर बदलेपर्यंत. बदलल्यावर चढावरची ट्रिम पुन्हा टिपून इथे टाका. +५ च्या आत आली नाही तर पंप बघू.