कॅलेंडरमध्ये गावाचं ठिकाण सापडत नाही: अनुभव आणि उपाय

पळसफूल:
लग्नसराई लागली, पत्रिकांचे फोटो यायला लागले आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा आठवला. फोनच्या कॅलेंडरात ठिकाणाच्या जागी गावाचं नाव लिहावं, तर खाली सुचवलेल्या ठिकाणांची यादीच येत नाही. आली तर भलत्याच जिल्ह्यातली. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा. सुरुवात मी करते.

गूगल कॅलेंडरमधलं ठिकाण म्हणजे नुसता मजकूर. यादीतून निवडलंत तरी नाव-पत्ता शब्दांतच साठतो, आणि पाहुण्याने त्यावर बोट ठेवलं की नकाशा तेच शब्द नव्याने शोधतो. म्हणून नुसतं 'मालेगाव' लिहिलेलं आमंत्रण वाशिमऐवजी नाशिक जिल्ह्यात नेऊ शकतं. कारंजा म्हणाल तर वाशिमचं लाड की वर्ध्याचं घाडगे? चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार तर दोन्ही अमरावती जिल्ह्यातच. गाव, तालुका, जिल्हा, पिन असं पूर्ण लिहा. विदर्भातले पिन ४४ ने सुरू होतात. ४२ दिसलं की थांबा.

धुरा:
यादीच येत नसेल तं आधी नेट पाहा. सूचना नेटवरूनच येतात. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला तरी कॅलेंडरले त्याचा उपयोग नाही. मंग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, कॅलेंडर, परवानग्या, लोकेशन. तिथं 'वापरताना' आणि 'अचूक स्थान' दोन्ही सुरू करा. डेटा सेव्हरही बंद करा.

टिपूर:
धुराभाऊ, डेटा सेव्हरचं तसं नाही. तो मागे चालणाऱ्या अ‍ॅपचा डेटा अडवतो. आपण समोर उघडून टाईप करतो आहोत तेव्हा सूचना यायलाच हव्यात. त्याने सिंक उशिरा होतं, म्हणजे टाकलेला कार्यक्रम दुसऱ्या फोनवर दिसत नाही. मात्र काही फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपचा मोबाइल डेटा वेगळा बंद करता येतो. तो बंद असेल तर वायफायवर यादी येते आणि सिमकार्डवर गायब. हे नक्की तपासा.

लोकेशनची परवानगी नसली तरी यादी येते, फक्त जवळची गावं वर येत नाहीत. व्हीपीएन (फोन दुसऱ्याच ठिकाणाहून जोडल्यासारखा दाखवणारी सेवा) सुरू असेल तरी शोध भलतीकडे झुकतो.

धुरा:
बरोबर, हे माह्या ध्यानात नव्हतं. धन्यवाद भाऊ.

आंबाडी:
तारीख-वेळ पण बघा!! बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुन्या फोनची तारीख मागे जाते. मग सुरक्षित जोडणीच होत नाही, शोध चालत नाही, सिंकही नाही. 'आपोआप वेळ' सुरू करा.

शेवंता_मावशी:
कॅश (अ‍ॅपने तात्पुरतं साठवलेलं) साफ करा असं सगळे सांगतात, ते चालतं. पण शेजारचं 'डेटा साफ करा' दाबू नका बायांनो. सिंक न झालेले कार्यक्रम त्यात जातात. आधी अ‍ॅप उघडून रिफ्रेश करा, दुसऱ्या फोनवर दिसले की मगच.
(कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर लिहिते)

निळाकंठ:
आयफोनवाल्यांसाठी: सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅलेंडर, 'वापरताना'. आयफोनचं कॅलेंडर ॲपलच्या नकाशातून शोधतं आणि यादीतून निवडलं तर शब्दांसोबत अक्षांश-रेखांशही साठवतं. हेच आमंत्रण गूगलवाल्याकडे गेलं की त्याच्या कामाचे फक्त शब्द उरतात. त्यामुळे तुमच्याकडे बरोबर, पाहुण्याकडे चूक. दोन्ही तऱ्हेचे फोन असतील तर पूर्ण पत्ता लिहाच.

मोहाची_सावली:
शेतातल्या मंदिरात तेरवी आहे. नकाशात मंदिरच नाही. काय टाकू?

सागवान:
ताई, दुःखाच्या वेळी ही धावपळ नको. दोन मिनिटांचं काम आहे. नकाशात उपग्रह-दृश्य लावा, मंदिराच्या छतावर बोट दाबून धरा, लाल खूण पडेल. अँड्रॉइडवर वरच्या शोधपट्टीत दोन आकडे येतात, तेच कॉपी करून कॅलेंडरच्या ठिकाणात चिकटवा. यादी आली नाही तरी जतन करा, चालतं.

आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा. क्रम आधी अक्षांश, मग रेखांश. नागपूर २१.१४५८, ७९.०८८२. आपल्याकडे पहिला आकडा साधारण १९ ते २२ आणि दुसरा ७६ ते ८१ येतो. उलटे झाले तर नकाशा पार उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डच्या बाजूला जातो. दशांश चिन्हानंतर निदान ४ अंक ठेवा, म्हणजे चूक दहा-अकरा मीटरच्या आत राहते. दोनच ठेवले तर किलोमीटरभर जाते.

मंदिराचं नाव वरच्या शीर्षकात लिहा. ठिकाणात फक्त आकडे.

मोहाची_सावली:
झालं. आकडे बसले. खूप आभार दादा.

टिपूर:
फोनवरून सांगायचं असेल तर प्लस कोड बरा, म्हणजे गूगल नकाशात प्रत्येक जागेला असतो तो अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता. त्यात शून्य, एक, ओ, आय, एल नसतातच, त्यामुळे ऐकताना घोळ होत नाही. छोट्या (सुरुवातीची अक्षरं गाळलेल्या) कोडाच्या पुढे गावाचं नाव लिहावंच लागतं. पूर्ण कोडात अधिक चिन्हाआधी ८ अक्षरं, नंतर २.

आंबाडी:
आणि दोन नावांची गावं! स्टेशन वडसा, तालुका देसाईगंज. गाव पांढरकवडा, तालुका केळापूर. दोन्ही नावं लिहून पाहा. बु. आणि खु. असं लिहू नका, बुद्रुक, खुर्द पूर्ण लिहा. मूल, नेर, सेलू अशी छोटी नावं जिल्ह्याशिवाय लिहूच नये. सेलू वर्ध्यात आहे तसं परभणीतही आहे.

धुरा:
एक राहिलं. आकडे बरोबर असले तरी नकाशा जवळचा म्हणून पांधणीनं (शेतातल्या कच्च्या वाटेनं) नेते. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसते ना. खालच्या वर्णनात लिहा: कोणत्या फाट्यावरून वळायचं, डांबरी रस्ता कुठपर्यंत, गाडी कुठं लावायची.

शेवंता_मावशी:
आले परत. धुराभाऊ, त्यातच एक फोन नंबरही टाकायचा, गावात थांबलेल्या माणसाचा. नवरदेवाचा नको, तो उचलत नाही.

पळसफूल:
मावशी, अगदी! मुक्कामाची सोय वेगळ्या घरी असेल तर त्याचा वेगळा कार्यक्रम टाका, एकाच कार्यक्रमात दोन ठिकाणं बसत नाहीत.