मॅकआर्थरचा मनोरा: कसब की हट्ट?

विटकरी: जॉन मॅकआर्थर (धाकटा), फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीचा वास्तुकार. जन्म १८२३, स्कॉटलंड. पोरवयात अमेरिकेत आला, काकाच्या हाताखाली सुतारकाम शिकला. १८७१ ला काम सुरू झालं, १८९० ला तो गेला आणि इमारत पुरी व्हायला १९०१ उजाडलं. तीस वर्षं! मनोरा ५४८ फूट, पायथ्याशी भिंती २२ फूट जाड. शिकागोत १८८५ मध्येच भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर भार पेलणारी इमारत उभी राहिली होती. आमचे मॅकआर्थरसाहेब मात्र दगडावर दगड रचत बसले. माणूस कसबी, पण हट्टापायी शहराला वेठीला धरलं.

पारावरचा: जरा सालं बघा की. नकाशे झाले तेव्हा तो सांगाडा होता कुठे? पाया घालून, अर्ध्या भिंती चढवून झाल्यावर 'आता नवी पद्धत आलीय' म्हणून सगळं उकरायचं का? आणि सगळा मनोरा दगडी नाहीच मुळी. साधारण ३३७ फुटांपर्यंत दगड-विटा, त्यावर लोखंडी काम.

विटकरी: लोखंडाचं मान्य, ते मी गाळलं. पण इतका अवजड आराखडा मुळात काढलाच कशाला? सातशेच्या आसपास खोल्या, अडीचशेच्या वर शिल्पं. नगरपालिका म्हणायची की लग्नाचा केक?

ओसरी: त्या जाडीनेच तर इमारत वाचली! १९५० च्या दशकात पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. हिशेब केला तर पाडायचा खर्च जवळजवळ बांधण्याइतका. गुपचूप बसले.

विटकरी: म्हणजे पाडता येत नाही म्हणून थोर?

ओसरी: तसं नाही हो. मी वर जाऊन आलेय. लिफ्ट इवलीशी, चार-पाच माणसांत भरते. जाळीतून खाली बघितलं की चारही बाजूंना सरळ रस्ते, आणि डोक्यावर शहर वसवणाऱ्या विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा. केक म्हणा खुशाल, मला परत जायचंय.

पारावरचा: त्या पुतळ्याचंही ऐका. शिल्पकार काल्डरला पेनचं तोंड दक्षिणेला हवं होतं, चेहऱ्यावर ऊन पडावं म्हणून. बसवला ईशान्येला तोंड करून. दिवसाचा बहुतेक वेळ चेहरा सावलीत. काल्डर चांगलाच चिडला होता.

विटकरी: बघा, हाही मॅकआर्थरचा घोळ!

पारावरचा: पुतळा चढला १८९४ ला. मॅकआर्थरला जाऊन चार वर्षं झाली होती. तेवढं तरी त्याच्या माथी मारू नका.