'मॉडर्न इरा'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतोय. (आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेटवाला.) त्यात दर दोन परिच्छेदांनी 'मॉडर्न इरा' येतं. मी 'आधुनिक युग' लिहिलं आणि लगेच खटकलं. आपलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, इथे अख्खा खेळच दीडशे वर्षांचा! दुसरा शब्द आहे का? आणि हे युग लागतं तरी कधी?

———

युगाला बिचकू नका. टिळक युग, गांधी युग आपण सहज म्हणतो. गोची 'आधुनिक'मध्ये आहे. संस्कृतात अधुना म्हणजे आत्ता. बोलणाऱ्याचं 'आत्ता' सरकलं की आधुनिकही सरकलं. 'अर्वाचीन' घ्याल तर तीच कथा. अर्थ 'अलीकडचं', आणि मराठी साहित्यात ते बहुधा १८१८ पासून मोजतात.

———

तारखेचं मी सांगतो, बरीच वर्षं हा खेळ बघतोय. पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ चा, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. एका बाजूला २५ जण, चेंडू हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्स ६-४ ने जिंकलं. आजच्या प्रेक्षकाला तो सॉकरच वाटेल. पुढे वॉल्टर कॅम्पने खेळाला वळण लावलं: १८८० मध्ये अकरा खेळाडू आणि स्क्रिमेज (चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करायची पद्धत), १८८२ मध्ये डाउनची, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाची, मोजणी. तरी नुसती रेटारेटीच होती. १९०५ च्या हंगामात डझनाहून जास्त मुलं दगावली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायची (फॉरवर्ड पासची) मुभा मिळाली. चार डाउन आणि टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा गुण १९१२ चे. माझ्या मते आजचा खेळ इथे ओळखीचा होतो.

पण विक्रमांची वही उघडाल तर तिथे १९३७, कारण एनसीएएची (कॉलेजांच्या खेळांची तिथली संघटना) अधिकृत आकडेवारी त्या वर्षापासून आहे. १९१६ मध्ये जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असं धुतलं होतं. म्हणून 'मॉडर्न इरातला सर्वात मोठा विजय' असं लिहिलं असेल, तर तो बहुतेक हा सामना बाजूला ठेवून लिहिलेला असतो. मॉडर्न म्हणजे इथे चक्क गाळणी! आणि अजिंक्यपद कसं ठरतं यावरून मोजणारे १९९८ म्हणतील (बीसीएस, म्हणजे क्रमवारीतल्या पहिल्या दोघांचा अंतिम सामना) किंवा २०१४ (चार संघांचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी). २०२४ पासून तिथे बारा संघ आहेत, म्हणजे अजून एक मॉडर्न इरा येऊ घातलाय.

———

मग 'पर्व' का नको? पर्व म्हणजे मुळात गाठ, सांधा. उसाला, बांबूला पेर असतं तसं. पर्व म्हटलं की वाचक विचारतो, सांधा कुठे आहे? 'आधुनिक' म्हटलं की कुणी विचारत नाही, तिथेच फसगत होते. टेनिसवाले बघा, १९६८ पासूनच्या काळाला ते 'ओपन' म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंना दारं उघडली, हे कारणच नावात बसलं. 'पासचं पर्व', 'प्लेऑफ पर्व' असं लिहा की.

———

'पासचं पर्व' कानाला बरं लागतं, पण विक्रमाच्या वाक्यात चालणार नाही. तिथे शब्द शोधूच नये, सरळ '१९३७ नंतरच्या अधिकृत नोंदींत' लिहावं. लांब होईल, होऊ दे.

———

पटलं. दोन्ही वापरतो. तुमच्या बोलण्यानंतर मूळ लेख पुन्हा चाळला, तर लेखकाने वर विक्रमांसाठी एक मॉडर्न इरा धरलाय आणि खाली प्लेऑफसाठी दुसराच. त्याला कळवावं म्हणतो. बरं, 'डाउन'ला काय म्हणू?

———

डाउनच म्हणा. क्रिकेटच्या ओव्हरला 'षटक' म्हणायचं नशीब सगळ्याच शब्दांना लाभत नाही.