मदत हवी आहे: खाणीच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील, मुदत कुठून मोजायची?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका माडिया आदिवासी गावचा. नागपूरला शिकतो, पण ग्रामसभेचे कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. आमच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण येऊ घातली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

जनसुनावणी झाली ती थेट जिल्ह्याच्या ठिकाणी, तीही ऐन धानकापणीत. जी थोडी जुनी माणसं पोचली ती माडियात बोलली. इतिवृत्तात त्याचं झालं "ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली". ईआयए अहवाल, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, इंग्रजीत, मराठीत नुसता सारांश. त्यात म्हटलंय, प्रकल्पक्षेत्रात धार्मिक स्थळ नाही. आमचं पेनठाणं, म्हणजे देवाचं ठिकाण, त्याच डोंगरावर आहे, पंडुमला (सणाला) सगळा इलाका तिथे जमतो. खालच्या धानाच्या बांध्या ज्या ओढ्यावर पिकतात, तो त्यांच्या लेखी "हंगामी नाला".

मंजुरीचं पत्र परिवेश या सरकारी मंजुऱ्यांच्या पोर्टलवर पडून महिना उलटला म्हणे. ग्रामपंचायतीत प्रत लागलेली नाही, आम्हाला पेपरातून कळलं. ३० दिवसांची मुदत गेली असेल तर संपलं का सगळं? आणि अपील ग्रामसभेच्या नावाने चालतं का? एकट्या माणसाचं नाव पुढे आलं की त्याच्या मागे काय काय लागतं, ते इकडच्यांना सांगायला नको.

प्रतिसाद १
ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निकाल वाचा. सर्वोच्च न्यायालय, एप्रिल २०१३. त्यानंतर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. ठराव करा, तोच पुरेसा आहे.

प्रतिसाद २
पुरेसा नाही हो. नियमगिरीचा मुद्दा वनहक्क कायदा आणि वनजमीन वळवण्याचा होता. ती लढाई वेगळी, तीही लढा. पण पर्यावरण मंजुरी रद्द व्हायला राष्ट्रीय हरित लवादातच (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) जावं लागेल, तुमच्यासाठी पुणे खंडपीठ.

मुदत: लवाद कायद्याच्या कलम १६ नुसार ३० दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी ६०. ९० नंतर लवादाला उशीर माफ करायचा अधिकारच नाही. म्हणून ठरावाच्या बैठकीपेक्षा वकील आधी. मुदत सुरू होते मंजुरी लोकांपर्यंत पोचल्यापासून. अरुणाचलातल्या मोनपा आदिवासींच्या धरणविरोधी प्रकरणात लवादाने २०१३ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. पण त्या भरवशावर राहू नका, पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा. ग्रामपंचायतीत प्रत लागली नाही, हे ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. देणार नाही म्हणाला तर अर्जाची पोच तरी घ्या.

नावाचं: कलम १८ मध्ये बाधित व्यक्तीबरोबर प्रातिनिधिक संस्थाही अपील करू शकते. ग्रामसभेचा ठराव इथे कामाला येतो. शक्य असेल तर तीनचार गावांनी मिळून जा.

मूळ पोस्ट लिहिणारा
इतिवृत्तातली ती ओळ खोटी आहे हे सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे चित्रीकरण नाही.

प्रतिसाद २
त्यांच्याकडे आहे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाने पूर्ण सुनावणीचं चित्रीकरण करायचंच असतं. माहिती अधिकारात आजच मागा, आणि जे बोलले त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या, म्हणणं माडियात आणि मराठीत. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ घ्यावी, असंही त्याच अधिसूचनेत आहे. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो, पेनठाण्यापेक्षाही.

गोव्यातल्या रिवणच्या खाणीचा 'उत्कर्ष मंडळ' निकाल वकिलाला दाखवा (दिल्ली उच्च न्यायालय, २००९). हरकतींवर मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केल्याचं कारणांसह दिसलं पाहिजे, असं तिथे म्हटलंय. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त परिवेशवर मिळेल, त्यात तुमच्या हरकतींवर किती ओळी आहेत ते बघा.

प्रतिसाद ३
वकिलाच्या फीसाठी अडून राहू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मात्र पर्यावरणाची कामं केलेलाच मागा, नाहीतर पुढच्या तारखा घेण्यातच तुमचे ९० दिवस जातील. पेनठाण्याचे आणि ओढ्याचे फोटो जीपीएससह काढून ठेवा, उन्हाळ्यात पाणी असतं तेव्हाचेही.