जखमी हरणाचा माग काढणारी कुत्री, आपल्याकडं असं ट्रेनिंग जमतं का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याच्या शेजारचा माणूस डॅशहुंड घेऊन हरणं शोधून देतो म्हणे, म्हणजे शिकाऱ्यानं बाण मारला, हरीण जखमी होऊन पळालं अन् झाडीत गायब झालं की ह्याला फोन येतो, मग हा रात्री-अपरात्री कुत्रं घेऊन निघतो. माझ्याकडं पण डॅशहुंडच आहे, राणी, नाक जमिनीवरनं उचलतच नाही. एवढ्या तासांनी कुत्र्याला माग लागतो कसा? अन् हिला सोलापुरात असलं काही शिकवता येईल का? नान्नजकडं काळवीटं दिसतात, मोहोळ रोडला गाडीची धडक बसलेलं एखादं असलं तर राणी शोधून देईल का, असं डोक्यात आलं.

बार्शीकर_जर्मनीत:
मी मूळ बार्शीचा, इथं जर्मनीत शिकारीचं लायसन काढलंय म्हणून सांगतो. जखमी जनावर तसंच सोडून जाणं इथं कायद्यात बसत नाही, शोधावंच लागतं, त्यासाठी हॅनोवेरियन अन् बव्हेरियन जातीची कुत्री खास पाळतात, डॅशहुंडपण चालतं. लोकांना वाटतं कुत्रं फक्त रक्ताच्या वासावर जातं, तसं नाही. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, त्यांचा वास पावलागणिक जमिनीला लागतो, त्यामुळं रक्त थांबलं तरी तयार कुत्रं त्याच हरणावर राहतं, मधे दुसरा कळप आडवा गेला तरी. इथल्या परीक्षेत 1000 मीटरचा माग असतो, मुद्दाम टाकलेलं रक्त पाव लिटर, अन् तो माग रात्रभर मुरू देऊन किमान 20 तासांनी कुत्रं सोडतात. म्हणजे पट्ट्यातच हं, पट्टा चांगला लांब, मोकळं नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा शिकाऱ्याच्या घाईनं होतो. रक्त गुलाबी फेसाळ असलं तर फुप्फुसाला लागलंय, जनावर जवळच पडलेलं असतं. पण हिरवट, घाण वासाचं काही दिसलं तर पोटात लागलंय, तेव्हा कित्येक तास थांबायचं. ते हरीण जवळच्या झुडपात बसलेलं असतं, लगेच मागं लागलात तर उठून लांब जातं, अन् बुटाला रक्त लागून माग सगळीकडं पसरतो. मग कुत्रं तरी काय करणार बिचारं. ते हरीण झुडपात रात्रभर तडफडू नये म्हणून हे सगळं करायचं, मटण नंतर.

माळरान_नान्नज:
मालक, राणीला नान्नजला नेऊ नका, कळकळीनं सांगतो. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, अन् शिकारीच्या व्याख्येत मारणंच नाही तर पिटाळणं अन् तसा प्रयत्न करणंसुद्धा येतं. 3 ते 7 वर्षं शिक्षा आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी झुडपामागं कुत्रं दिसलं की काळवीट जीव तोडून पळतं, अन् त्या धावपळीच्या ताणानंच नंतर मरतं, बाहेरून जखम नसली तरी. आधीच माळावर मोकाट कुत्री पाडसं फाडायलेत, ते बघवत नाही ओ. जखमी दिसलं तर लांब थांबायचं, गर्दी हटवायची, वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करून जागा नीट सांगायची. वनखात्याची तयार कुत्री आपल्या देशात आहेत, पण ती कातडी, हाडं अन् शिकाऱ्यांचा माग काढायला.

होटगीरोडचा_श्वानवेडा:
वरचं सगळं बरोबर, पण नाकाचं ट्रेनिंग थांबवायचं कारण नाही. मटणाच्या दुकानातून कलेजीचा तुकडा आणा, दोरीला बांधून मोकळ्या प्लॉटमधून ओढत न्या, आधी सरळ रेघ, जमलं की एक वळण, शेवटाला तुकडा ठेवा. हार्नेस छातीचाच घ्या, गळ्याचा पट्टा ओढला की कुत्रं नाक वर करतं. अन् टायमिंग बघा. आपल्या उन्हाळ्यात नऊनंतर जमीन तापते, वास उडून जातो अन् पंजे भाजतात ते वेगळं. पाऊस पडून गेल्यावर ओलसर काळ्या रानात सकाळी लावलात तर वास घट्ट धरून राहतो, तिथं नवं कुत्रं पण झटक्यात शिकतं. राणी चुकली तर तुम्ही ओढून योग्य जागी नेऊ नका, थांबा, तिला स्वतः गोल फिरून माग पुन्हा धरू द्या.

जुळेसोलापूरकर:
लई आभार सगळ्यांचे. नान्नजचं डोक्यातनं काढलं. विजापूर रोडला पाहुण्यांचा मोकळा प्लॉट आहे, कुंपण आहे, तिथंच सुरू करतो. कलेजी ओढून झाल्यावर किती वेळ थांबून राणीला सोडू?

होटगीरोडचा_श्वानवेडा:
सुरुवातीला लगेच, पाचेक मिनिटांत. तिला खेळ कळला की मग अर्धा तास, तास असं वाढवत न्या. अन् तुकडा सापडला की तो तिलाच खाऊ द्या, हातातनं काढून घेऊ नका.